निळा कागद

झोळीतल्या पोरीनं पाय झाडले, वजनाचा काटा साडेसहा आणि सातच्या मध्ये हिंदकळला, आणि मी वाकून आकडा वाचतेय तोच दारातला उजेड गेला.

दारात भैरू उभा होता. महानंदाचा नवरा. अंगात बनियन, भुवयांवर कापसाची पांढरी भुकटी, हातात धोटा. मागावर इकडून तिकडे धावणारा तो हातभर लाकडी धोटा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. अणी ढिली झाली की तो घरी येऊन ठोकून घ्यायचा, कारण त्यांची खोली कारखान्याच्या भिंतीला चिकटूनच होती.

माझा हात आपोआप चालला. मांडीवरच्या वहीवर निळा कागद आला आणि तोंडातून प्रश्न निघाला, "बाळाला पहिला डोस कुठं दिला?"

"सरकारी दवाखान्यात," महानंदानं पाठ केल्यासारखं सांगितलं.

भैरू हसला. भिंतीपलीकडे चोवीस माग खडखडत होते, त्यामुळे त्या खोलीत साधं बोलणंही ओरडूनच व्हायचं. पण तो माझ्याजवळ आला, उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, एक इचारू?"

"विचारा की."

"गेल्या म्हैन्यात मी आलो तवा बी तुमी ह्योच प्रश्न इचारत हुतासा. त्याच्या आदल्या म्हैन्यात बी ह्योच. मी दारात आलो की तुमी पयल्यापास्नं सुरू करतासा. मग मी यायच्या आदी काय इचारतासा?"

एकोणीस वर्षं झाली त्याला.

मी हेमलता शिंगे. तेव्हा पंचवीस वर्षांची होते, समाजकार्याची पदवी ताजी होती आणि अंगात मस्ती भरपूर. विद्यापीठाचा एक अभ्यास इचलकरंजीच्या मागवाल्यांच्या गल्ल्यांत चालला होता. दोन वर्षांखालच्या मुलांची वजनं का वाढत नाहीत, हे शोधायचं होतं. दर महिन्याला घरी जायचं, छताच्या पाइपाला काटा टांगायचा, झोळीत मूल घालून वजन घ्यायचं, खाण्यापिण्याचं विचारायचं. हा झाला उघड भाग. वहीच्या मागच्या पानांवर वेगळेच प्रश्न होते. नवरा मारहाण करतो का? कशानं? किती वेळा? मार खाणाऱ्या आईचं मूल अंग धरत नाही, असं आमच्या डॉक्टर देवस्थळीबाईंचं म्हणणं होतं, आणि ते त्यांना आकड्यांनी दाखवायचं होतं.

हे प्रश्न बाई एकटी असतानाच विचारायचे. मध्येच कुणी आलं तर वहीवर निळा कागद ओढायचा आणि लसीकरणाचं विचारायला लागायचं. आमची तालीम घेतली होती त्याची. एकजण नवरा व्हायची, धाडकन दार उघडायची, आणि आम्ही कागद फिरवायचा. सगळ्यांत चपळ मी. डोळ्याचं पातं लवायच्या आत माझा कागद वर असायचा, आणि त्याचा मला कोण अभिमान! पण तोच नवरा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आला, तर निळ्या कागदावरही आपण पुढं सरकलेलं असायला हवं, हे आम्हा शिकल्यासवरलेल्यांपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. भैरूच्या आलं. दिवसभर कापडाकडे बघणारा माणूस तो. एकाच अंतरावर तीनदा डाग आला, तर डाग सुताचा नसतो, मागाची खोट असते, हे त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

"सगळीकडं पहिल्यापासूनच विचारावं लागतं," मी म्हणाले. "तसा नियमच आहे."

"बरं. मग फुडचं इचारा."

मी दुसरा प्रश्न विचारला. महानंदाच्या आधी त्यानंच उत्तर दिलं. तिसऱ्याचंही. कुठला डोस कुठल्या वारी झाला, कुठल्या मांडीत सुई दिली, सगळं त्याला पाठ होतं. "तवा ताप आल्ता हिला. मी सोता न्हेऊन आणली आनि रातभर खांद्यावर घेऊन हिंडलो. लिवलंसा? आता ती खालची वही दावा."

"ती दाखवता येत नाही."

"माझ्या घरचं हाय न्हवं त्यात?"

त्यानं वहीला हात घातला. मी सोडली नाही. आम्ही दोघं लहान पोरांसारखी ती वही ओढत होतो, आणि महानंदा मध्ये येऊन "असूद्या ओ, असूद्या" म्हणत होती. मग त्याचा दुसरा हात वर गेला. धोट्याचा पहिला फटका माझ्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडलेलं तेव्हा कळलं नाही, नुसती बोटं उघडली आणि वही त्याच्या हातात गेली. मी मागे भिंतीवर आदळले. वर्षानुवर्षं मारहाणीबद्दल वाचलं होतं, वर्गात बोलले होते, माझ्याकडे टक्केवाऱ्या होत्या. प्रत्यक्षात मला तोवर कुणी साधी चापटही मारली नव्हती.

भैरू वाचायला लागला. सातवीपर्यंत शिकलेला होता तो. बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत वाचत होता. "नवरा... मारहाण... करतो का." बोट आडवं सरकलं. सहा महिन्यांचे सहा रकाने होते, चार भरलेले. "कधीच नाही. कधीच नाही." बोट पुढं गेलं. "क्वचित." मग आणखी पुढं. "वारंवार."

त्यानं वर बघितलं. "वारंवार म्हंजी सारखंच न्हवं?"

त्यानं बोट तिथंच दाबून धरलं.

"हे कुणाचं हाय?"

"कुणाचंही असेल," मी म्हणाले. "नाव आहे का त्याच्यावर? नावं आम्ही लिहीतच नाही."

तो उठला आणि दार ओढून त्याची बाहेरची बाजू माझ्याकडे केली. तिथं खडूनं सदतीस लिहिलं होतं. माझंच अक्षर. घर चुकू नये म्हणून पहिल्या दिवशी मीच लिहिलं होतं. मग त्यानं वहीचा कोपरा माझ्यापुढं धरला. सदतीस.

"महानंदे," तो म्हणाला, "मी तुला मारतोय?"

"न्हाई ओ."

"मग ह्ये?"

"मी न्हाई सांगितलं. पोरीची शपथ, मी काय बी सांगितलं न्हाई." तिनं झोळीला हात लावून शपथ घेतली. "मला वाचाया येतंय व्हय? बाईस्नी इचारा. बाई, सांगा की त्येस्नी!"

तो माझ्याकडे वळला. माझ्या आणि त्याच्या मध्ये झोळी लोंबत होती आणि तिच्यात दहा महिन्यांची चिंगी स्वतःची मूठ चोखत होती. माझं मनगट सुजून तव्यावरच्या भाकरीसारखं वर आलं होतं. धोट्याची अणी माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर.

"हिनंच सांगितलं न्हवं?"

"बाई," महानंदा म्हणाली.

मी मान हलवली. वर-खाली, एकदाच.

महानंदानं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. बाजारात ओळखीच्या माणसानं ओळख न दाखवता पुढं निघून जावं आणि आपण बघत राहावं, तसं काहीसं होतं.

"गावभर सांगत हिंडतीस व्हय?" भैरू म्हणाला. अजूनही तो ओरडत नव्हता. "हापिसात माझ्या नावानं लिवून देतीस? मी मारतोय व्हय तुला? मग बघ मारणं कसं असतंय."

पहिला घाव तिच्या खांद्यावर बसला. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज आला. ती खाली गेली नाही, उलट दोन पावलं मागे सरून झोळीला पाठ लावून उभी राहिली. पोरीला लागू नये म्हणून. दुसरा घाव तिनं हातावर घेतला. तिसऱ्याला तो हात उचलला गेला नाही. त्यानं तिच्या केसांत मूठ घालून तिला पुढं ओढलं, तशी झोळीला हिसका बसला आणि ती गरगर फिरायला लागली. काटा शून्यावर जायचा, दहावर जायचा, परत शून्यावर यायचा. चिंगी रडत असणार, तोंड उघडं दिसत होतं. भिंतीपलीकडचे माग सगळं गिळून टाकत होते. तिचं रडणं, महानंदाचं ओरडणं, माझंही.

लाज वाटते सांगायला, पण मी मोजत होते. सात. आठ. कशानं मारलं, किती वेळा, कुठं लागलं, हेच विचारायला मला शिकवलं होतं ना! दुसरं काही सुचतच नव्हतं.

नवव्या घावाला धोटा उभा आला. अणी तिच्या डाव्या डोळ्यात गेली.

रक्ताची चिळकांडी झोळीवर उडाली तेव्हा माझे पाय हलले. मी झोळीपाशी गेले, आकडा सोडवायला लागले. उजव्या हाताची बोटं चालेनात. डाव्या हातानं झोळी वर उचलली, दातांनी दोरी ओढली, आणि पोरगी झोळीसकट माझ्या अंगावर पडली. भैरूनं बघितलंसुद्धा नाही. महानंदा आता जमिनीवर होती आणि तो तिच्यावर वाकून मारत होता, मागावर काम करावं तसा, एका लयीत. तोंडानं एकच चाललं होतं. "वारंवार? हां? वारंवार?"

मी बाहेर पळाले. गल्लीत भर दुपारचं ऊन होतं, दोन बायका सुताच्या कांड्या भरत बसल्या होत्या. मी ओरडले. एकीनं कानाला हात लावून "काय?" असं विचारलं. कारखान्याच्या दारात गेले तर आत दहा-बारा माणसं पाठमोरी, कानात कापसाचे बोळे. मी परत ओरडले. कुणी वळलं नाही. दाराशेजारी भिंतीवर लोखंडी पेटी होती, तिला तांबडा दांडा. मी पोरीला उजव्या कोपरात दाबलं आणि डाव्या हातानं सगळं वजन टाकून तो दांडा खाली ओढला.

चोवीस माग एका दमात थांबले.

त्या गल्लीत इतकी शांतता कधी झाली नसेल. "कुणी बंद केलं रं?" असं एकजण शिवी घालून म्हणाला, आणि ती शिवी संपायच्या आतच भिंतीपलीकडून आवाज आला. आता किंचाळी नव्हतीच ती. धप्प. मग थोडं थांबून परत धप्प. आणि त्यांच्या मध्ये कण्हणं.

सगळ्यांत पुढं हरीबा धावला. मागावरचा साठीचा म्हातारा, पण त्यानंच भैरूच्या कमरेला मिठी मारली. चौघांनी मिळून त्याला आडवा केला तरी त्याच्या हातातला धोटा सुटेना. शेवटी एकानं बोटं एकेक करून उलगडली. मी दारात उभी होते. चिंगी माझ्या खांद्यावर उचक्या देत होती. खोलीच्या मध्यभागी, पाइपाला, रिकामा काटा अजून हलत होता.

आता मी नव्या मुलींना शिकवते. दर वर्षी दहा-बाराजणी येतात, पदवी ताजी, अंगात मस्ती. त्यांना मी ही गोष्ट सांगते. निळ्या कागदावर दर वेळी पुढच्या प्रश्नावर असा, दारावर खडूनं आकडे लिहू नका, बाहेरचा रस्ता आधी बघून ठेवा. तांबडा दांडा खाली ओढला, इथं माझी गोष्ट संपते. मुली श्वास सोडतात, एखादीच्या डोळ्यांत पाणी येतं. "मॅडम, तुम्ही दोघींना वाचवलंत," असं म्हणतात. मी चष्मा पुसते आणि चहाला सुट्टी देते.

त्या गोष्टीत हरीबा दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्याशेजारी येऊन बसत नाही.

खरं तर तो बसला होता. माझ्या हाताला प्लास्टर घातलं होतं, महानंदाला आत नेलं होतं, चिंगी एका नर्सच्या कडेवर झोपली होती. म्हाताऱ्याच्या सदऱ्यावर रक्त वाळून कडक झालं होतं. मला त्याला बघून संताप आला. सगळ्या जगाचा आला होता, तो समोर सापडला.

"इतके महिने तो तिला मारतोय," मी म्हणाले, "आणि तुम्ही बारा-बारा पुरुष भिंतीपलीकडं. एकालाही कधी कळलं नाही?"

हरीबानं माझ्याकडे बघितलं. "कोण मारत हुता?"

"भैरू!"

"आज मारलं की. राक्षस शिरला अंगात. आज मारलं त्ये मी बगितलं, कोर्टात बी सांगतो. पर आदी कुटं मारत हुता? वरडायचा लई. वरडून वरडून टाळकं उठवायचा. हात न्हाई टाकला कवा."

"तिचा दात पडला होता. गालावर एवढी निळी गाठ. गेल्या महिन्यात मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय!"

"त्यो धोटा लागल्ता, बाई."

"सगळ्याच बायका तसं म्हणतात."

"सगळ्यांचं मला ठावं न्हाई. महानंदाचं माझ्या म्होरं झालंय." त्यानं आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली आणला. "मालकाला सांगू नगासा. ती माग चालवती. भैरू सोळा-सोळा तास उभा असतोय, दुपारी तासभर पाठ टेकाय घरला येतोय, तवा त्याचं दोन माग ती बगती. बाईमाणसानं माग चालवल्यालं मालकाला कळलं तर खोली बी जाईल आनि काम बी. म्हून आमी समदी गप. पर शिकाऊ हात त्यो. धोटा उडाला की चुकवाया येत न्हाई. पयल्यांदा खांद्यावर बसला, दुसऱ्यांदा तोंडावर. दात मीच हुडकून दिला तिला, मागाच्या बीमाखालनं."

तो बराच वेळ काहीबाही सांगत राहिला. मला पुढचं ऐकू आलं नाही.

कारण तिनं हेच सांगितलं होतं. तिसऱ्या महिन्यात ब्लाउजच्या बाहीखाली वळ दिसला तेव्हा मी विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "धोटा लागला." चौथ्या महिन्यात ओठ सुजलेला, दात गेलेला. "धोटा लागला, बाई. खरंच." आणि नवरा मारतो का, असं विचारलं की दर वेळी एकच उत्तर. "न्हाई. वरडतोय. मारत न्हाई."

त्या गल्लीत बायकांना दोनच गोष्टी व्हायच्या: मोरीत पाय घसरायचा, नाहीतर धोटा लागायचा. पलीकडच्या आळीतल्या हौसाक्काला पहिल्या महिन्यात धोटा लागला होता. तिसऱ्या महिन्यात माझ्या गळ्यात पडून ती रडली आणि म्हणाली, नवऱ्यानं फेकून मारला. तेव्हापासून मी शहाणी झाले. बायका धोटा म्हणतात, आपण नवरा समजायचं.

आणि एवढंच असतं तरी मी कदाचित हातावर हात ठेवून बसले असते. पण तिसऱ्या महिन्याच्या बैठकीत देवस्थळीबाईंनी सगळ्यांसमोर माझे आकडे काढले होते. बाकीच्या मुलींच्या वस्त्यांत शंभरात तीस बायका मार खात होत्या. माझ्या वस्तीत सहा. बाई हसून म्हणाल्या, "हेमलता, तुझ्या बायका फारच सुखी दिसतात गं. माहेरी आल्यात का सगळ्या? की तुला विचारता येत नाही?" सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. वर्गात पहिली येणारी मुलगी मी! मला विचारता येत नाही?

त्याच आठवड्यात, महानंदा "न्हाई" म्हणाली आणि मी "क्वचित" वर खूण केली. पुढच्या महिन्यात ती "न्हाई" म्हणाली आणि मी "वारंवार" वर केली. ती बिचारी शेजारी बसून माझं पेन चालताना बघत होती. तिला वाचता येत नव्हतं.

ते दोन शब्द भैरूनं बोट ठेवून वाचले. मग त्यानं मला विचारलं, आणि मी मान हलवली.

भैरूला मी सोडत नाही. सगळे घाव त्याचे, डोळा त्यानं घेतला. कागदावर काहीही लिहिलेलं असो, धोटा उचलणारा हात त्याचा होता. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली आणि ती कमीच झाली. पण त्या दुपारी तो दारात आला तेव्हा बायकोला कधी न मारलेला माणूस होता, आणि हे त्या खोलीत त्या दोघांना माहीत होतं. मला नव्हतं. माहीत करून घ्यायला मला पाठवलं होतं.

दहा दिवसांनी मी महानंदाला भेटायला गेले. तिची आई बाहेरच्या पायऱ्यांवर चिंगीला पेज भरवत होती. मला बघून तिनं पदर डोक्यावर ओढला आणि "देवासारख्या धावलासा, बाई" म्हणत पाया पडायला वाकली. मी तिला धरायला गेले, पण एका हातानं जमलं नाही.

महानंदा खाटेवर उशाला टेकून बसली होती. डोक्याला पट्ट्या, डाव्या डोळ्यावर कापसाचा गोळा, खांद्यापासून कमरेपर्यंत प्लास्टर. ओठाला टाके होते, त्यामुळे ती शब्द सावकाश, एकेक काढत होती. मी केळी आणली होती. ती कुठं ठेवावीत ते कळेना.

"महानंदा," मी म्हणाले, "मी..."

"वही आणलीसा?"

नक्कल ठेवून पोलिसांनी परत केलेली वही पिशवीत होती. फाटलेली पानं मी चिकटवली होती. देवस्थळीबाईंनी निरोप धाडला होता, सदतीस नंबरची वही काहीही करून सांभाळा, असं उदाहरण पुन्हा मिळायचं नाही. कडांना रक्त लागून पानं तपकिरी झाली होती. मी वही काढली.

"त्यात काय लिवलं हुतं, त्ये हरीबानं सांगितलं मला," ती म्हणाली. "त्येला पोलिसांनी वाचून दावलं. मी न्हाई म्हणलं हुतं न्हवं तुमास्नी?"

"हो."

"चारी खेपंला?"

"चारीही वेळेला."

"मग खोडा."

एकाच डोळ्यानं ती माझ्याकडे बघत होती आणि तो डोळा कोरडा होता. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. मी त्याची तयारी करून गेले होते. रडायचं कसं, पाय कसे धरायचे, सगळं बसमध्ये ठरवलं होतं. तिला त्यातलं काहीच नको होतं.

"फौजदाराला मी समदं सांगितलंय," ती म्हणाली. "त्येनं मारलं, धोट्यानं मारलं, जीव जाईस्तवर मारलं. आता त्येच्या दारात पाय ठेवायची न्हाई. पोरीला बी न्हाई दावायची. पर जे केलं न्हाई त्ये त्येच्या नावावर नगं. माझ्या बी नावावर नगं. मी तसलं सांगितलंच न्हवतं. खोडा, बाई."

आमच्या कामात खाडाखोड करायची तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं अक्षर दिसलं पाहिजे, आणि शेजारी सही करायची. उजवा हात प्लास्टरमध्ये होता. मी डाव्या हातानं "क्वचित" वरची खूण खोडली, मग "वारंवार" वरची. "कधीच नाही" वर दोन खुणा केल्या. दोनदा सही केली. ती सही माझी वाटत नव्हती, पहिलीतल्या पोरीची वाटत होती.

"झालं?"

"झालं."

"आता ह्या म्हैन्याचं लिवा."

"महानंदा, अगं आता कशाला..."

"काम हाय न्हवं तुमचं? इचारा. निळा कागद नगं. दुसरं इचारा, पयल्यापास्नं."

शेजारच्या खाटेवरची बाई कुशीवर वळून आमच्याकडे बघायला लागली. नियमाप्रमाणे तिसरं माणूस असताना तो प्रश्न विचारायचा नसतो. मी विचारला.

"नवरा मारहाण करतो का?"

"एकदा," महानंदा म्हणाली.

पाचव्या रकान्यात तीनच चौकटी होत्या. कधीच नाही. क्वचित. वारंवार. सूचनांच्या पानावर खुलासा दिलेला होता, महिन्यात एक किंवा दोन वेळा असेल तर क्वचित. फुटलेला डोळा, मोडलेला खांदा, मोडलेला हात, एकवीस टाके. मी पेन धरून बसून राहिले.

"लिवा की."

मी खूण केली.

"काय लिवलंसा? वाचून दावा."

"क्वचित."

"म्हंजी?"

"म्हणजे एखाद्या वेळी."

तिनं उरलेला डोळा मिटला. मला वाटलं, आता रडेल. तिनं नुसती ओठांवरच्या टाक्यांना जीभ लावून बघितली.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "आता करा सही."